हिंगमिरे विद्यालयाची स्वायत्तता

"मॅडम, गाडी कोणत्या फाटकातनं घेऊ?" ड्रायव्हरनं जीप भर रस्त्यात उभी करून विचारलं.

प्रश्न रास्त होता. बेलखेड्याच्या कै. सोपानराव हिंगमिरे विद्यालयाला दोन फाटकं होती आणि दोन्ही फाटकांत एकेक मुख्याध्यापक हार घेऊन उभा होता. पूर्वेच्या फाटकात देवकाते सर, मूळचे चित्रकलेचे. पश्चिमेच्या फाटकात लोंढे सर, मूळचे खेळाचे. दोघांच्या मागं आपापले शिक्षक ओळीनं उभे. हार दोन्हीकडे झेंडूचेच, बहुधा एकाच दुकानातले. ज्या फाटकातून मी आत जाईन त्या फाटकाचा मुख्याध्यापक खरा ठरणार, असं गावात ठरून गेलं होतं. तसं कोणत्याही नियमात नव्हतं, पण माणसं नियम वाचत बसत नाहीत.

"इथंच थांबव," मी म्हटलं आणि उतरले.

दोन फाटकांच्या मधे कंपाउंडची भिंत पडलेली होती आणि तिथल्या दगडांवरून पोरं-पोरी आत जात होत्या. एका मुलीला मी विचारलं, "एवढी दोन फाटकं असताना इथून का जाता?"

"फाटकातनं गेलं की नाव लिहून घेतात," ती म्हणाली.

"कोण लिहून घेतं?"

"दोघं पण."

मी साडी सावरली आणि तिच्यामागून दगडांवर चढले. अशा रीतीनं महाराष्ट्र शासनानं खिंडारातून शाळेत प्रवेश केला. दोन्ही हार बराच वेळ तसेच धरलेले होते. पुढं ते सोपानरावांच्या फोटोंना घातले गेले. फोटोही दोन होते.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. मी, अलका रणपिसे, तेव्हा जिल्ह्यात उपशिक्षणाधिकारी होते. ज्यांना अनुदानित शाळा म्हणजे काय हे माहीत नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इमारत संस्थेची, पगार सरकारचा आणि मुलं ज्याची त्याची. शाळा नावाजली की ती संस्थेची पुण्याई. निकाल घसरला की सरकारचं धोरण चुकलं. एरवी ही व्यवस्था सुखात चालते. बेलखेड्यात ती अडली, कारण सोपानराव वारले आणि संस्थेला एकाऐवजी दोन अध्यक्ष झाले. थोरले चिरंजीव भाऊसाहेब, धाकटे नानासाहेब. दोघांनी वेगवेगळ्या सभा घेतल्या, आपापली कार्यकारिणी निवडली आणि धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केले. अर्ज तिथं निवांत पडले. मग दोघांनी आपापला मुख्याध्यापक नेमला, मुख्याध्यापकांनी आपापलं कार्यालय थाटलं. एकच शाळा, पण दोन घंटा. पहिली घंटा झाली की अर्धे शिक्षक वर्गात जायचे आणि दुसरी झाली की उरलेले अर्धे. मधल्या वेळात पोरं मैदानात असायची.

शेवटी आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी, मुळे साहेबांनी, शाळेवर प्रशासक नेमला. तो प्रशासक मी.

"तुम्ही वाकत नाही असं ऐकून आहे," आदेश हातात देताना साहेब म्हणाले होते. "तिथं अजिबात वाकू नका."

साहेबांनी माझं कौतुक केल्याचा तो पहिलाच प्रसंग. मला बरं वाटलं होतं.

दोन कार्यालयांपैकी कोणत्याही एकात बसले असते तर पुन्हा तोच घोळ झाला असता. म्हणून मी व्हरांड्यात टेबल मांडलं. तासाभरात भाऊसाहेब आले. भारदस्त देह, आवाज मऊ. देवकाते सर त्यांच्यामागं उभे राहिले.

"तुम्ही आलात, फार बरं झालं बघा," भाऊसाहेब खुर्चीत टेकत म्हणाले. "आता नानाची माणसं तेवढी गप्प बसवा. बाकी शाळा बघायला आम्ही आहोत. शेवटी खाजगी संस्था आहे ओ. सरकारनं फार आत शिरू नये."

"पगार सरकार देतं, भाऊसाहेब."

"देतं की. न देऊन सांगतंय कुणाला? पण पगार दिला म्हणून शाळा सरकारची होत नाही. वडलांनी रक्त आटवलंय इथं. संस्थेची स्वायत्तता म्हणून काही चीज आहे का नाही?"

दुपारी नानासाहेब आले. अंगानं सडसडीत, बोलणं घाईचं, आणि मागं लोंढे सर. त्यांना फक्त भाऊची माणसं गप्प बसवून हवी होती. बाकी शाळा बघायला ते होते. वडलांनी इथं रक्त आटवलेलं होतं आणि स्वायत्तता ही चीजही होतीच. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन माणसांनी शब्दाला शब्द जुळवून तेच भाषण केलं. संस्कार म्हणतात ते हेच असावेत.

मला एवढंच समजलं की, स्वायत्तता म्हणजे शाळेच्या दाराला आपलं कुलूप लावण्याचा अधिकार. आणि शासकीय नियंत्रण म्हणजे दुसऱ्याचं कुलूप काढून घेण्याची सोय.

मधल्या सुट्टीत एक बाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या आसपास, उंच, हातांना खडू लागलेला. स्वागताच्या दोन्ही ओळींत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"तुम्हीच प्रशासक?"

"हो. बसा ना."

"बसत नाही. घंटा होईल, कोणाची तरी. एकच विचारायचंय. तुम्ही कोणाच्या?"

"सरकारची."

"ते आदेशात लिहिलेलं असतं. मी खरं विचारतेय."

"खरंच सरकारची. आणि तुम्ही कोणाच्या?"

"मी दहावीची," त्या म्हणाल्या.

त्या उपासे बाई. इंदुमती उपासे. विज्ञान आणि गणित शिकवायच्या आणि शाळेत सगळ्यांत ज्येष्ठ होत्या. नियमानं मुख्याध्यापकाची खुर्ची त्यांची. पण त्या कोणाच्या मेहुण्या नव्हत्या, कोणाच्या सुनेची मावशी नव्हत्या, आणि एकदा निवडणुकीच्या प्रचाराला शिक्षक पाठवायला त्यांनी सोपानरावांना तोंडावर नाही म्हटलं होतं. संस्थेची स्मरणशक्ती या बाबतीत चांगली होती. त्यामुळं दोन मुख्याध्यापक नेमतानाही त्यांचं नाव दोन्ही भावांना सुचलं नाही.

"बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्यात," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेला वरती भाऊसाहेबांचं कुलूप आहे, खाली नानासाहेबांचं. माझ्या पोरांनी वर्षभर परीक्षानळी चित्रात बघितलीय. मी घरून स्टोव्ह आणून, काचेच्या बरण्या आणून जमेल तेवढं केलं. तुम्हाला काही करता येत असेल तर ती खोली उघडून द्या. येत नसेल तर निदान तपासणी काढू नका. तपासणी म्हटली की माझे दोन दिवस रांगोळीत जातात."

एवढं बोलून त्या वर्गावर गेल्या. बाईंना मी काही आवडले नव्हते. मला मात्र, का कोण जाणे, त्यांचा राग आला नाही.

मी दोन्ही भावांना किल्ल्या मागितल्या. भाऊसाहेब म्हणाले, नानानं आधी द्यावी, लगेच देतो. नानासाहेब म्हणाले, भाऊनं आधी द्यावी, पायावर नेऊन ठेवतो. मी लेखी कळवलं. दोघांचीही लेखी उत्तरं आली: प्रकरण न्यायप्रविष्ट असून संस्थेच्या अंतर्गत बाबीत हस्तक्षेप करू नये. मी समक्ष बोलावलं. एक आला की दुसरा यायचा नाही.

भाऊसाहेबांच्या घरीही जाऊन आले. चहा झाला, वर सोपानरावांच्या आठवणी झाल्या.

"पोरांचं नुकसान होतंय, भाऊसाहेब," मी म्हटलं.

"माझ्या काळजाला घरं पडतात ओ. रात्री झोप येत नाही."

"मग किल्ली द्या."

"नानाला सांगा की तेवढं."

त्यांची स्वतःची नात त्याच दहावीत होती. प्रयोगांसाठी तिला सोलापुरात शिकवणी लावलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी लोहाराला बोलावलं. दोन पंच घेतले, एक पूर्वेच्या आळीतला, एक पश्चिमेच्या. पंचनाम्याची तयारी केली आणि प्रयोगशाळेकडे निघाले. दारात देवकाते आणि लोंढे शेजारी शेजारी उभे होते. त्यांना एका चौकटीत पाहण्याची ती शाळेची पहिलीच वेळ असावी.

"मॅडम, हे बेकायदेशीर आहे," देवकाते म्हणाले.

"सरांचं बरोबर आहे," लोंढे म्हणाले.

लोंढ्यांनी देवकात्यांना सर म्हटलं, तेव्हाच मला पुढचं कळायला हवं होतं. कळलं नाही. मी नियमावलीच्या धुंदीत होते.

"कायदा मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही बाजूला व्हा. नाहीतर पंचनाम्यात लिहावं लागेल की शासकीय कामात अडथळा आणला. कोणाचं नाव आधी लिहू?"

नाव आधी येण्याचा मान पहिल्यांदाच दोघांनाही नको होता. ते बाजूला झाले. लोहारानं दोन घाव वर घातले, दोन खाली.

आत सगळं जसंच्या तसं होतं. धुळीचा थर, पण काच शाबूत. काचपात्रं, तराजू, सूक्ष्मदर्शक, बरणीत औषधात घातलेला बेडूक. दहावीची मुलं दारात गोळा झाली, पण आत कोणी पाय टाकेना. वर्षभर त्यांनी ही खोली बाहेरूनच पाहिली होती. एका मुलीनं हलकेच विचारलं, "बाई, हे सगळं आपलंच हाय?"

"आपलंच आहे. आधी हात पुसा," उपासे बाई म्हणाल्या आणि पदर खोचून फडकं शोधायला लागल्या.

त्या संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन प्रयोग करून घेतले. मी व्हरांड्यात बसून आतला आवाज ऐकत होते. नंतर त्या बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

"बाई, एक आदेश काढतेय," मी म्हटलं. "दोन्ही नेमणुका रद्द. प्रभारी मुख्याध्यापक तुम्ही."

"मला नको."

"का?"

"खुर्चीवर बसलं की माणूस बैठकांना जातं. मला वर्ग हवाय."

"वर्ग हवा असेल तर खुर्ची घ्या. मी गेले की त्या खोलीला पुन्हा कुलूप लागेल. ते कोणाचं लागेल एवढाच प्रश्न."

त्यांनी हातावरचा खडू पुसला.

"शिकवणं सोडणार नाही," म्हणाल्या. "मुख्याध्यापकाला आठवड्याला थोडेच तास घ्यावे लागतात म्हणे. मी माझे सगळे तास घेईन. तुमचं सरकार चालवून घेईल का?"

"जास्त काम केल्याबद्दल कारवाई करायची तरतूद अजून आलेली नाही," मी म्हटलं. "आली की कळवेन."

त्या हसल्या नाहीत. पण आदेश त्यांनी घेतला.

नंतर थोडेच दिवस शाळा एका घंटेवर चालली. शिक्षक बिचकत का होईना, एका खोलीत डबे खायला लागले. देवकाते चित्रकला शिकवायला लागले आणि ती त्यांना चांगली येत होती, हे नव्या पोरांना प्रथमच कळलं. लोंढे मैदानात दिसू लागले. प्रात्यक्षिक परीक्षा सुरळीत झाल्या. मला वाटलं, शासकीय नियंत्रण म्हणतात ते हे. मनातल्या मनात मी स्वतःचा सत्कारही उरकून घेतला.

मग एका सकाळी मैदानावर मांडव दिसला. फलकावर लिहिलं होतं: शिक्षण संस्था स्वायत्तता बचाव परिषद.

मी व्हरांड्यातच बसले होते. कर्ण्याचं तोंड माझ्याच दिशेनं होतं, त्यामुळं ऐकायचे कष्ट पडले नाहीत. व्यासपीठावर भाऊसाहेब आणि नानासाहेब एका कोचावर. मधे त्यांच्या आई, सोपानरावांच्या पत्नी. भाऊसाहेब उठले आणि म्हणाले की, घरात भावाभावांत दोन शब्द होतात, पण म्हणून शेजाऱ्यानं घरात घुसावं का? दाराची कुलपं फोडावीत का? नानासाहेबांनी सांगितलं की, भाऊ मला वडलांच्या जागी आहेत आणि ज्या दिवशी सरकारी हातोडा शाळेच्या दारावर पडला, त्या दिवशी तो आपल्या काळजावर पडला. मग दोघांनी मिठी मारली. आईनं डोळ्यांना पदर लावला. खरं सांगते, क्षणभर मलाही गहिवरून आलं. इतका बेमालूम समेट मी पाहिला नव्हता.

पोरांना सुट्टी होती. स्वायत्तता वाचवायला मैदान लागतं, त्यामुळं शाळा बंद ठेवावी लागते.

उपासे बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मुलांचा सराव आज होता," एवढंच म्हणाल्या.

दुपारी मुळे साहेबांचा फोन आला. वरून सांगणं आलं होतं. संस्थेतला वाद संपुष्टात आला, सबब प्रशासकाची गरज उरली नाही. उद्या अकराला मी संयुक्त कार्यकारिणीकडे कारभार सोपवायचा होता. साहेबांचा आवाज प्रसन्न होता. त्यांनी समेटाच्या अटीही सांगितल्या, वाढदिवसाच्या पंगतीतले पदार्थ सांगावेत तशा. शाळा दोन सत्रांत भरणार, सकाळी देवकाते मुख्याध्यापक, दुपारी लोंढे. उपासे बाईंची बदली संस्थेच्या डोंगरातल्या शाळेवर. तिथं पाचवी ते सातवी एवढेच वर्ग होते.

"आणि दहावीची परीक्षा?" मी विचारलं. "लेखी परीक्षा पंधरवड्यावर आलीय."

"तो संस्थेचा अंतर्गत प्रश्न झाला आता, रणपिसे मॅडम."

मी जीप काढली आणि तडक जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. जाताना हातात एकच प्रस्ताव घेतला.

मुळे साहेब टेबलावर पेपर पसरून पेरू कापत होते. मला पाहून त्यांनी एक फोड पुढं केली.

"घ्या. तुमच्यामुळं माझी मोठी डोकेदुखी गेली."

"माझ्यामुळं?"

"बसा. रागावू नका. या दोघांना मी फार दिवसांपासून ओळखतो. समजावून थकलो, नोटिसा देऊन थकलो. त्यांना एकत्र आणायला दोघांचा मिळून एक शत्रू लागत होता. तो प्रामाणिक हवा, कडक हवा आणि वाकणारा नको. लाच खाणारा पाठवला असता तर तो कोणा एकाचा झाला असता." साहेबांनी पेरूला मीठ लावलं. "आपल्या कार्यालयात या पदासाठी तुमच्याइतकं पात्र कोणीच नव्हतं."

मी पेरूची फोड टेबलावर ठेवली. इतके दिवस मी जे शासन-शासन म्हणत होते, ते म्हणजे गुरांना एका बाजूला हाकायला उभं केलेलं बुजगावणं होतं. बुजगावणं कामाचं ठरलं. उद्या उपटायचं होतं.

"साहेब, बुजगावण्याचं काम केलं, त्याचं काही मिळतं का?"

"म्हणजे? बदली हवीय? सांगा, कुठं."

"सही हवीय."

मी उपासे बाईंच्या कायम नियुक्तीचा प्रस्ताव समोर ठेवला. ज्येष्ठता, पात्रता, सगळं नियमानं होतं. वर्षानुवर्षं नियमानंच होतं, फक्त कोणी मांडलेलं नव्हतं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"हे आज कशाला?"

"उद्या अकरापर्यंत संस्था म्हणजे मी आहे. संस्थेनं नेमणूक केली, शासनानं मान्यता द्यायची. त्यानंतर संस्था म्हणजे ते दोघं."

"एकदा मान्यता दिली की चौकशी केल्याशिवाय आणि आमची परवानगी घेतल्याशिवाय बाईंना हलवता येणार नाही."

"म्हणूनच."

"ओरडतील."

"ओरडू द्या की. एकत्र ओरडतील. तेवढीच त्यांची एकी टिकेल, आणि तुमची डोकेदुखी परत यायची नाही."

साहेबांनी पेरू बाजूला सारला. मला वाटलं, नाही म्हणणार. त्यांच्या निवृत्तीला थोडंच राहिलं होतं आणि वरून फोन आलेला होता. मग अचानक ते म्हणाले, "माझी आई शिक्षिका होती. खाजगी शाळेत. अध्यक्षांच्या घरच्या लग्नात पोळ्या लाटायला गेली नाही म्हणून तिला काढलं. तेव्हा असलं काही मागायची सोय नव्हती."

त्यांनी सही केली. शिक्का स्वतः मारला, कारण कारकून जेवायला गेला होता.

"पण मॅडम," कागद परत देताना ते म्हणाले, "माझ्या आईचं कोणाला सांगू नका. नियम होता म्हणून सही केली, असं सांगा. भावनेच्या भरात नियम पाळला असं कळलं तर आपलं कार्यालय बदनाम होईल."

दुसऱ्या दिवशी अकराला कारभार सोपवण्याचा कार्यक्रम झाला. भाऊसाहेबांनी मला शाल घातली, नानासाहेबांनी नारळ दिला. कालचा काळजावरचा हातोडा दोघंही विसरले होते. शत्रू जायला निघाला की माणसाला मोठं मन दाखवावंसं वाटतं. भाऊसाहेब म्हणाले, "मतभेद झाले, पण मॅडम आमच्या भगिनीसारख्या आहेत."

मग नानासाहेबांनी नव्या नेमणुका वाचायला घेतल्या. सकाळचे मुख्याध्यापक, दुपारचे मुख्याध्यापक.

"एक राहिलं," मी म्हटलं आणि मान्यतेची प्रत त्यांच्यापुढं ठेवली. "मुख्याध्यापक नेमलेले आहेत. काल मान्यता मिळाली."

नानासाहेबांनी वाचलं आणि भाऊंकडं दिलं. भाऊसाहेबांनी वाचलं आणि नानांकडं परत दिलं. एकीचं हे दृश्य फार लोभस होतं.

"आमच्या शाळेचा मुख्याध्यापक आम्ही ठरवायचा नाही?" भाऊसाहेबांचा मऊ आवाज पहिल्यांदा चिरकला. "मग संस्थेला राहिलं काय? हा सरळ सरळ स्वायत्ततेवर घाला आहे."

"हो," मी म्हटलं. "पण शाळेच्या नाही. तुमच्या."

"याविरुद्ध आम्ही वर जाऊ."

"जरूर जा. दोघं एकाच गाडीतून गेलात तर पेट्रोलही वाचेल."

उपासे बाई त्या कार्यक्रमाला नव्हत्याच. बोलावणं धाडलं होतं, पण निरोप आला की, दहावीचा तास चालू आहे, प्रमाणपत्र वगैरे काही असेल तर टेबलावर ठेवावं. मी निघाले तेव्हा त्यांच्या वर्गाचं दार ओढलेलं होतं. ठोठावावंसं वाटलं. ठोठावलं नाही.

दोघं भाऊ वर गेले, खटला भरला, वर्षानुवर्षं लढले. वकील मात्र दोघांनी वेगवेगळे दिले, त्यामुळं मधेच कुठंतरी पुन्हा बिनसलं आणि खटला तसाच राहिला. माझी बदली आधी एका टोकाच्या जिल्ह्यात झाली, मग दुसऱ्या टोकाच्या. मुळे साहेब निवृत्त झाले. बेलखेड्याच्या बातम्या कधीमधी कानावर यायच्या. शाळेत एकच घंटा वाजते. प्रचाराला शिक्षक मागायला आलेल्या माणसाला बाईंनी दारातूनच परत धाडलं. नाचगाण्याच्या सरकारी मेळाव्याला मुलं पाठवा म्हणून आमच्याच खात्याचं पत्र गेलं, त्याला त्यांनी उत्तर दिलं की मुलांचे अपूर्णांक कच्चे आहेत, ते पक्के झाले की विचार करू.

बऱ्याच वर्षांनी मी त्याच जिल्ह्यात शिक्षणाधिकारी म्हणून परत आले. पहिल्याच महिन्यात बेलखेड्याला गेले. सोबत अधीक्षक होते, नवे, उत्साही. न कळवता गेले. तपासणी हे निमित्त होतं. खरं सांगायचं तर मला कौतुक करून घ्यायचं होतं. माझ्या एका सहीच्या हट्टानं उभी राहिलेली शाळा मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती, आणि बाईंनी मला आत नेऊन मुलांना सांगावं असं वाटत होतं की, या त्या मॅडम.

उपासे बाई दहावीच्या वर्गात होत्या. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. मी दारात उभी राहिले. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, फळ्याकडे एकदा बघितलं आणि बाहेर आल्या.

"नमस्कार, मॅडम. कळवलं होतं का येणार म्हणून?"

"नाही. या बाजूला आले होते, म्हटलं जाता जाता शाळा बघावी."

"बघा की. मैदान बघा, प्रयोगशाळा उघडीच असते. वर्गात मात्र आत्ता येऊ नका. आत्ताच यांच्या डोक्यात काहीतरी शिरायला लागलंय. तुम्ही आलात की सगळी उभी राहतील, नमस्ते म्हणतील आणि शिरलेलं बाहेर पडेल."

"मी शिक्षणाधिकारी म्हणून आले आहे, बाई," मी हसत म्हटलं.

"माहीत आहे. अभिनंदन. म्हणूनच सांगतेय. तास संपायला वेळ आहे. थांबायचं असेल तर बाकडं आहे, नाहीतर पत्र पाठवून या. त्या दिवशी रांगोळी मात्र काढणार नाही."

त्यांनी दार ओढून घेतलं. आतून खडूचा आवाज सुरू झाला. कोणीतरी काहीतरी चुकीचं उत्तर दिलं असावं, कारण वर्ग हसला, आणि बाईही हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी बाकड्यावर बसले. अधीक्षकांचा चेहरा लाल झाला होता. "मॅडम, ही काय पद्धत झाली? जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला दाराबाहेर बसवायचं? खुलासा मागवू का?"

"नको."

"मग तपासणीच्या शेऱ्यात तरी घ्यायला पाहिजे. काय लिहू?"

"लिहा, मुख्याध्यापक शासनाचं ऐकत नाहीत."

त्यांनी समाधानानं लिहिलं. "संस्थेचं ऐकतात का?"

"संस्थेचंही ऐकत नाहीत. तेही लिहा."

"आणि शिफारस?"

दाराच्या आत सगळी मुलं एकदम काहीतरी म्हणत होती, कशाचं तरी सूत्र असावं. मी उठले, आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि पायऱ्यांकडे निघाले.

"शिफारस अशी," मी हळू आवाजात म्हटलं, "की बाई निवृत्त होईपर्यंत इकडं कोणी फिरकू नये."

अधीक्षकांनी विचारलं, हे शासकीय भाषेत कसं बसवायचं. मी म्हटलं, बसवा कसंतरी, आणि तुम्हीही चपला काढा.